कर्लिंग: झाडणे की घासणे, आणि ‘हॅमर’ला काय म्हणायचं?

प्रश्न

२०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या कर्लिंगवर, म्हणजे बर्फावरून दगड घसरवत नेऊन वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवण्याच्या खेळावर, मराठीत लेख लिहिते आहे. अंतिम सामन्यात अमेरिकेने स्वीडनला १०-७ असं हरवलं. सामना फिरला तो आठव्या एंडमध्ये (दोन्ही संघांचे सगळे दगड खेळून झाले की एक एंड संपतो). ५-५ बरोबरी होती, हॅमर, म्हणजे एंडचा शेवटचा दगड, अमेरिकेकडे होता आणि जॉन शुस्टरने शेवटच्या दगडाने स्वीडनचे दोन दगड उडवून एकदम पाच गुण मिळवले. हा प्रसंग मराठीत उतरवताना शब्दाशब्दाला अडते आहे. एंड म्हणजे डाव की फेरी? हॅमर म्हणजे काय लिहू? दगडापुढे बर्फावर ब्रश चालवतात त्या स्वीपिंगला झाडणे म्हणावं का? दगड ‘फेकला’ चालेल?

उत्तर

ताई, ‘फेकला’ नकोच. हा दगड १७ ते २० किलोंच्या दरम्यान असतो आणि तो बर्फावरून क्षणभरही उचलला जात नाही. खेळाडू पाय टेकवायच्या आधारावरून रेटा घेतो, दगडासोबत घसरत पुढे येतो आणि हॉग रेषेच्या, म्हणजे दगड सोडण्याच्या हद्दीच्या, आत दगडाची मूठ सोडतो. म्हणून ‘दगड सोडला’. मूठ सोडताना दिलेल्या हलक्या पिळामुळे दगड पुढे वळत जातो, खेळाचं नावही या वळण्याशीच जोडलं जातं. दगडाला ‘शिळा’ही म्हणू नका, शिळा म्हटलं की जागची न हलणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचा, घासून गुळगुळीत केलेला हा दगड आहे. साधं ‘दगड’ पुरेसं आहे.

झाडण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. स्कॉटलंडमध्ये गोठलेल्या तळ्यांवर खेळ चालायचा तेव्हा वाटेतला भुरभुरता बर्फ खरोखर झाडावा लागे, हातात खराटेच असत. आजच्या बंदिस्त सभागृहात झाडायला काही नसतं. तिथे बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबडीतपणा मुद्दाम आणलेला असतो. दोन खेळाडू धावत्या दगडापुढे ब्रशने तो पृष्ठभाग जोर लावून घासतात, बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. हे घासणंच आहे. जुन्या काळाबद्दल लिहाल तिथे ‘झाडणे’ ठेवा, २०१८ बद्दल ‘घासणे’.

त्यावर

पटलं, पण ‘घासणारे खेळाडू’ वाचताना भांड्यांची आठवण होते. ‘ब्रश मारणे’ लिहिलं तर? वाचणाऱ्याला चित्र लगेच दिसेल.

उत्तर

‘ब्रश मारणे’ म्हटलं की भिंतीला रंग देणंही आठवतं. त्यात जोर दिसत नाही, आणि इथे जोरावरच सगळं आहे. ‘बर्फ घासत’ असं कर्मासकट लिहा, भांडी मनात येणार नाहीत.

आणखी एक मत

एंडला फेरी म्हणू नका. प्योंगचांगमध्ये दहा संघ होते, प्रत्येकाने नऊ साखळी सामने खेळले आणि पहिले चार उपांत्य फेरीत गेले. अमेरिका पहिल्या सहा सामन्यांत चार हरली होती, मग उरलेले तिन्ही जिंकून आत आली. ‘फेरी’ या कथेत आधीच कामाला लागलेली आहे. डाव चांगला. क्रिकेटचा डाव मनात येईल ही भीती खरी आहे, पण पत्त्यांचा डाव आठवा: दोघंही आलटून पालटून खेळतात, शेवटी हिशेब होतो, मग नवा डाव मांडतात. कर्लिंगमध्येही दोन्ही संघ आठ-आठ दगड सोडतात, मग मोजणी. वर्तुळाच्या मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, त्याच संघाला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत जितके दगड, तितके गुण.

हॅमर म्हणजे त्या डावातला शेवटचा दगड. ‘हातोडा’ लिहिलंत तर वाचक चकेल. ‘हुकमी दगड’ मोह पाडतो, पण हुकमी म्हणजे खात्रीचा, आणि इथे तर त्या एका दगडावर चुकून डाव हातचा जातो. ‘शेवटच्या दगडाचा हक्क’ लिहा. हक्क म्हटलं की पुढचंही समजावता येतं: ज्याने गुण घेतले त्याच्याकडून तो हक्क पुढच्या डावात प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कोणालाच गुण मिळाला नाही तर ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहतो. म्हणून संघ कधी कधी एकच गुण नाकारून डाव कोरा सोडतात. ‘कोरा डाव’ हा शब्द मला फार आवडतो, तो नक्की वापरा.

प्रश्नकर्ती

डाव, घासणे, सोडणे, कोरा डाव घेते. स्किपला कर्णधारच म्हणावं ना? शेवटचे दगड तोच सोडतो.

उत्तर

कर्णधार म्हणा, पण ‘शेवटचे दगड सोडणारा’ अशी ओळख करून देऊ नका. त्याच स्पर्धेत कॅनडाला ७-५ हरवून कांस्य जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडचा कर्णधार पीटर द क्रूझ होता आणि शेवटचे दगड बेन्वा श्वार्झ सोडायचा. कर्णधाराचं खरं काम समोरच्या टोकाला उभं राहून ब्रश टेकवून नेम दाखवणं, आणि घासायचं की थांबायचं ते ओरडून सांगणं. लेखात ते आरडाओरडं जरूर येऊ द्या, टीव्हीवर सामना पाहताना सगळ्यात आधी तेच कानावर पडतं.