टीजेची प्रवेशपरीक्षा काढली: न्याय झाला की दर्जा घसरला?

पोटोमॅककाठी (धागाकर्ता)
उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी पालकांमध्ये गेली काही वर्षं एकच सूर ऐकू येतो: "टीजे संपलं." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, ही फेअरफॅक्स काउंटीची सरकारी शाळा, १९८५ पासूनची. शेजारच्या लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टनची मुलंही इथे येतात. फी नाही, पण प्रवेश निवडूनच. आधी गणित, विज्ञान आणि वाचनाची परीक्षा असायची, शिवाय अर्जाचे १०० डॉलर. ऑक्टोबर २०२० मध्ये स्कूल बोर्डाने दोन्ही काढून टाकलं. आता किमान ३.५ जीपीए (शाळेतल्या गुणांची चारपैकी सरासरी), निबंध, आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलसाठी तिथल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखीव. एकूण जागाही ५५० केल्या.

परीक्षेतून आलेल्या शेवटच्या बॅचमध्ये गरीब घरातली मुलं एक टक्कासुद्धा नव्हती. पुढच्याच वर्षी ती २५ टक्के झाली. सगळ्यांच्या करावर चालणाऱ्या शाळेत गरिबाचं मूल जवळपास दिसतच नसेल, तर ती परीक्षा हुशारीबरोबर आणखी बरंच काही मोजत होती. क्लासची फी आणि शनिवार-रविवार गाडीने सोडायला मोकळे असलेले आईबाप, हेही त्या मार्कांत होतं.

अॅशबर्नकर
तुम्ही अर्धंच लिहिलंत. त्याच वर्षी आशियाई मुलांचा वाटा ७३ वरून ५४ टक्क्यांवर आला. जागा साठाहून जास्त वाढल्या, आणि आशियाई मुलांना मिळालेल्या ऑफर मात्र ३५५ वरून २९९ झाल्या. ताट मोठं झालं आणि आपल्या मुलांच्या वाट्याची पोळी कमी झाली. पालकांनी कोर्टात जायचं नाही तर काय करायचं?

आणि दीड टक्क्याचा फटका कुणाला बसतो ते बघा. कार्सन, लाँगफेलोसारख्या शाळांत गणितात पुढे गेलेली मुलं ढिगाने आहेत. तिथलं मूल आता आपल्याच वर्गमित्रांशी भांडतं. त्याच्याहून दोन वर्षं मागचं गणित करणारं मूल दुसऱ्या शाळेतून सहज आत जातं. यूएस न्यूजच्या देशभरातल्या हायस्कूलांच्या क्रमवारीत २०२० ते २०२२ पहिला नंबर होता. २०२३ ला पाचवा, २०२४ ला चौदावा. आणखी काय पुरावा हवा?

पोटोमॅककाठी
नंबराचा मुद्दा टिकत नाही. २०२४ ची यादी २०२१-२२ च्या आकड्यांवर बेतलेली होती. नव्या पद्धतीची पहिली मुलं तेव्हा नववीत होती. कॉलेजच्या तयारीचे गुण मोजले गेले ते त्या वर्षीच्या बारावीच्या मुलांचे, म्हणजे परीक्षा देऊन आलेल्यांचे! त्याचं खापर या पोरांवर का?

कोर्टाचंही पूर्ण सांगा. फेब्रुवारी २०२२ मध्ये पालकांच्या बाजूने निकाल लागला हे खरं. मे २०२३ मध्ये अपील कोर्टाने तो दोन विरुद्ध एक मतांनी फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. अपिलाच्या निकालपत्रातला एक आकडा आपल्या लोकांनी जरूर वाचावा. गरीब घरातल्या आशियाई मुलांपैकी आधीच्या बॅचमध्ये एकाला ऑफर मिळाली होती, नव्या पद्धतीत ५१ जणांना. तीही आशियाईच मुलं आहेत. "आपली मुलं" म्हणताना आपण त्यांना मोजतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

अॅशबर्नकर
५१ चा आकडा मला माहीत नव्हता, चांगली गोष्ट आहे. पण सुप्रीम कोर्टाने ऐकलं नाही म्हणजे धोरण बरोबर ठरलं असं होत नाही. दोन न्यायमूर्तींनी त्यावर लेखी असहमती नोंदवली आहे. आणि यूएस न्यूज सोडून देऊ, नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या, परीक्षेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचं काय? नव्या पद्धतीच्या पहिल्या बॅचमध्ये सेमीफायनलिस्ट जवळपास निम्म्यावर आले. ही तर त्याच मुलांची कामगिरी आहे.

क्वीन्सकर
न्यूयॉर्कहून लिहितोय. आमच्या स्टायव्हसंट या सरकारी हायस्कूलमध्ये अजूनही फक्त परीक्षा, १९७१ च्या राज्याच्या कायद्याने. २०२४ मध्ये ७४४ ऑफरपैकी १० कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, मी तिचं समर्थन करणार नाही. पण त्याच शाळेत गरीब घरातल्या मुलांचं प्रमाणही मोठं आहे. टॅक्सी चालवणाऱ्यांची, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये राबणाऱ्यांची मुलं तिथे परीक्षा देऊनच पोचतात. ज्या बापाला इंग्रजीत शिफारसपत्र मागता येत नाही, त्याच्या मुलाला परीक्षा हा एकच सरळ रस्ता असतो. निबंध कोण चांगला लिहून घेतं, हे जरा मनाशी विचारून बघा.

नवोदयी
मी अमरावतीच्या नवोदयचा. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन नवोदय सुरू झाली, त्यातलं एक आमचं. तिथे जिल्ह्यातल्या मुलांची स्पर्धा जिल्ह्यातल्याच मुलांशी, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. मेळघाटच्या पायथ्याचं पोर पुण्याच्या पोराशी तोलायचं नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. टीजेचा दीड टक्का मला त्याच जातीचा वाटतो. आमच्यातले कितीतरी जण सहावीत इंग्रजी धड न वाचता आले आणि बारावीत उत्तम निघाले. मूल आत कुठल्या पायरीवरून येतं यापेक्षा आत गेल्यावर त्याच्यावर किती मेहनत घेतली जाते, याने फरक पडतो.

अॅशबर्नकर
नवोदयी, पण तुमच्याकडे परीक्षा होतीच ना! जिल्हावार जागा, आणि त्या जागांसाठी परीक्षा. मला हेच हवंय. प्रत्येक मिडल स्कूलला जागा राखून ठेवा, माझी हरकत नाही. फक्त त्या शाळेतल्या मुलांमधून निवड परीक्षेने करा. जागांची वाटणी बदलायला परीक्षा मारायची गरज नव्हती.

पोटोमॅककाठी
यावर मी विचार करायला तयार आहे. परीक्षा मोफत, शाळेच्याच वेळात, सगळ्या आठवीच्या मुलांसाठी. अर्ज करणाऱ्यांपुरती नाही. नॅशनल मेरिटवर मात्र एवढंच म्हणेन की ज्यांना परीक्षेने निवडलं ती मुलं परीक्षेत जास्त चमकणारच. टीजेत प्रत्येक मुलाला बारावीत संशोधन प्रकल्प करावा लागतो, तिथे ही मुलं काय करतात ते बघा.

गणिताच्या ताई
मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते. तुमचं भांडण आठवीवर चाललंय, पण अर्ज करायलाच आठवीत किमान अल्जेब्रा वन, म्हणजे बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम, लागतो. त्या वर्गात कोण बसणार हे पाचवी-सहावीत ठरतं. तेव्हा ज्या घरातून ईमेल येतात त्या मुलांना वरच्या गणितात घातलं जातं. ज्या घरातून येत नाहीत, तिथली तितकीच तरतरीत मुलगी साध्या वर्गात राहते आणि पुढे तिला टीजेचं नावही कुणी सांगत नाही. ती मुलगी तुमच्या दोघांच्याही आकड्यांत नाही. स्कूल बोर्डाच्या पुढच्या सभेत बोलायला नाव नोंदवणार असाल तर प्रत्येक एलिमेंटरीत पाचवीपासून वरचं गणित मागा, मी बरोबर येते.