'अपभ्रंश' नको तर काय? (वरुण–औरानोस वगैरे)

कानामात्रा: एका लेखाचं भाषांतर करतेय. संस्कृत, ग्रीक, लिथुआनियन या एकाच मुळातून निघालेल्या भाषा, पण दैवतांच्या नावांत त्यांच्यातले ध्वनिबदलाचे ठरलेले नियम मोडतात, असं त्यात आहे. मी 'अपभ्रंश' लिहिलं. तपासणाऱ्यांनी लाल रेघ मारून शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. शब्द सुचवा. उदाहरणं: वरुण–औरानोस (ग्रीक आकाशदेव), गंधर्व–केंताउरोस (ग्रीक कथांतला अर्धा माणूस, अर्धा घोडा), पर्जन्य–पेर्कूनास (लिथुआनियन मेघगर्जनेचा देव).

तळटीप: अपभ्रंश नकोच. ती प्राकृतानंतरची अवस्था, शिवाय त्यात 'घसरलेलं' असा शेरा आहे. इथे कोण कुणावरून घसरलं? संस्कृत आणि ग्रीक बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. 'विसंगत ध्वनिबदल' म्हणा.

उंटावरचा: 'आडवाटेचा बदल' म्हणा की. सगळं संस्कृतातूनच का आणायचं?

तळटीप: उद्या व्याकरणाला 'बोलायची रीत' म्हणाल.

उंटावरचा: म्हणेन.

दुपार: शब्द राहू दे, उदाहरणंच तपासा. औरानोसचं मूळ आता 'वर्ष' (पाऊस) या शब्दाच्या घराण्यात धरतात, पाऊस पाडणारा असं. म्हणजे वरुणाशी नातंच उरत नाही, मग नियम मोडला कुठे? गंधर्वात ग समोर क एक वेळ चालेल, बंध–पेंथेरोसमध्ये (ग्रीक 'सासरा') ब समोर प आहेच. पण ध समोर थ हवा, आहे त. याउलट द्यौस्–झेउस हे आकाशदेव बघा, षष्ठीसुद्धा जुळते: दिवः–दिओस.

कानामात्रा: आणि पर्जन्य?

दुपार: तिथे खरंच अडतं. ज घोष म्हणजे मृदू, लिथुआनियनमधला क अघोष म्हणजे कठोर. गडगडणाऱ्या देवाचं नाव भीतीपोटी मुद्दाम वाकडं उच्चारत, असं काहींचं म्हणणं. अस्वलाचंही तेच. रशियनमध्ये जुनं नाव गेलं, 'मेद्वेद' आलं, म्हणजे मध खाणारा. ऋग्वेदातला 'मध्वद' तोच.

तळटीप: ते मध्वद पक्षी आहेत.

दुपार: शब्द तोच म्हटलं, प्राणी नाही!

उंटावरचा: नियम बसला नाही की भीती, छान सोय आहे. कृष्णाला कोण घाबरलं होतं? कान्हाही आहे, किसनही आहे. एकाच मराठीत 'ऋ' या स्वराचा कुठे अ, कुठे इ.

तळटीप: कान्हा प्राकृत 'कण्ह'वरून झिजत आला, किसन नंतर संस्कृतातून नव्याने उचलला. वाटा दोन, नियम शाबूत.

उंटावरचा: 'वाट' तुम्हीच वापरलीत हं.

कानामात्रा: अहो, लेख उद्या द्यायचाय.

बोरू: आधी 'औरानोस'मधलं ते 'औ' काढा. ग्रीकमध्ये तिथे ऊ आहे.