होई आनला जा, पण नोव्हेंबरात नको

व्हिएतनाममध्ये नोव्हेंबरात समुद्रकिनारी निवांत सुट्टीसाठी कुठे जावं, असं तुम्ही विचारलंय. वर दोघांनी न्हा त्रांग सुचवलंय. तेही छानच, पण ते मोठं शहर. तुम्हा दोघांना धावपळ नको, निवांत पडून राहायचंय, तर मी होई आनच सांगेन. मुक्काम मात्र जुन्या गावात न करता आन बांग किनाऱ्याजवळ करा. गाव तिथून चारपाच किलोमीटर, रस्ता सपाट, वाटेत भातशेती. बरेच होमस्टे सायकली फुकट देतात.

सकाळी लवकर वाळूवर जाच. बांबूने विणलेल्या गोल होड्या उपड्या घालून ठेवलेल्या असतात. एखादा कोळी त्यातली एक पाण्यात ढकलतो आणि एकाच वल्ह्याने, अजिबात गरगरू न देता, सरळ लाटेपलीकडे काढतो. बघत राहावं असं कसब आहे ते! दुपारी ताणून द्या, संध्याकाळी कंदील लागले की गावात चक्कर मारा.

नोव्हेंबरची तिकिटं काढली नसतील तर कृपया काढू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे धो धो पाऊस असतो, थू बोन नदीचं पाणी कधीकधी जुन्या गावातल्या घरांत शिरतं. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

शाकाहारी असाल तर 'चाय' (Chay, म्हणजे शाकाहारी; आपला चहा नव्हे) अशी पाटी असलेली खानावळ गाठा. इतरत्र नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. विमानतळ दा नांगचा, पुढे टॅक्सीने पाऊण तास.