एकाच कॉलेजच्या तीन डिग्र्यांवर तीन वेगळी नावं, चौथं नाव वेबसाईटवर. हा प्रकार काय आहे?

खानापूरचा_बाळू
नमस्कार मंडळी, विषय थोडा गमतीचा आहे पण घरात गेले आठ दिवस यावरूनच वाद चाललाय. धाकट्या बहिणीची बारावी झाली, नीट दिली, मार्क बरे आहेत पण एमबीबीएसला सरकारी मिळेल असे नाहीत. घरचे म्हणतात बेळगावलाच केएलई या शिक्षणसंस्थेत काहीतरी बघूया, घर जवळ, सकाळची पॅसेंजर धरली की झालं. तेवढ्यात वडिलांना कुणीतरी सांगितलं की "ती प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आहे हो, तिची डिग्री महाराष्ट्रात चालत नाही, आणि नावं बदलत असतात त्यांची". झालं, वडील हटून बसलेत.

म्हणून मी घरातल्या डिग्र्या बाहेर काढल्या. मोठ्या मामांचं एमबीबीएस १९८९ चं, त्यावर कर्नाटक विद्यापीठ धारवाड. मामेबहीण डेंटल, २००३, तिच्यावर राजीव गांधी युनिव्हर्सिटी बेंगळुरू. मावसभाऊ २०१४ चा, त्यावर केएलई युनिव्हर्सिटी. आणि आत्ता वेबसाईटवर बघतोय तर केएलई अकॅडमी ऑफ हायर एज्युकेशन अँड रिसर्च असं लांबलचक. तिघंही शपथेवर सांगतात की नेहरूनगरच्या त्याच कॅम्पसात शिकलो, त्याच कॅन्टीनचा चहा प्यालो. मग हे चार नावांचं एकच आहे की चार वेगळं? आणि एमबीबीएस सोडून तिथं बाकी काय काय आहे, कुणी शिकलेलं असेल तर सांगा.

टिळकवाडीकर
एकच आहे हो, वडिलांना सांगा घाबरू नका. ही सगळी भानगड संलग्नतेची आहे. कॉलेज तेच, पाटी तीच, फक्त डिग्री कुणाच्या सहीशिक्क्याने मिळते ते बदलत गेलं.

जेएनएमसी म्हणजे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज सुरू झालं १९६३ ला. तेव्हा आपल्या भागातली सगळी कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली, म्हणून मामांच्या डिग्रीवर धारवाड. १९९६ ला कर्नाटक सरकारने आरोग्याच्या शिक्षणासाठी राज्यभराची एकच राजीव गांधी युनिव्हर्सिटी बेंगळुरूत काढली आणि मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फार्मसी सगळं तिकडं गेलं, तिथं मामेबहीण आली. मग २००६ ला यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली केंद्राने संस्थेला अभिमत म्हणजे डीम्ड दर्जा दिला, म्हणजे डिग्री स्वतःच्याच नावाने द्यायची, आणि केएलई युनिव्हर्सिटी झाली, त्या काळात मावसभाऊ. २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, मूळ केस काही डीम्ड संस्थांनी डिस्टन्सने वाटलेल्या इंजिनिअरिंग डिग्र्यांची होती, मेडिकलचा तिच्याशी काही संबंध नाही, पण कोर्टाने त्यातच सांगितलं की डीम्ड संस्थांनी नावात युनिव्हर्सिटी हा शब्द लावायचा नाही. सुक्याबरोबर ओलंही जळलं. देशभरातल्या डीम्डवाल्यांना पाट्या बदलाव्या लागल्या, हे त्यातलंच एक. केएएचईआर म्हणतात आता, म्हणजे कागदावर म्हणतात.

"प्रायव्हेट युनिव्हर्सिटी" आणि "डीम्ड" यात पण फरक आहे. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी राज्याच्या विधानसभेच्या कायद्याने होते, उदा. हुबळीची केएलई टेक, तिथं मूळचं भूमरड्डी इंजिनिअरिंग कॉलेज. बेळगावचं हे डीम्ड. चालवणारी संस्था एकच असली तरी दोन वेगळ्या युनिव्हर्सिट्या आहेत आणि लोक अर्ज भरताना सुद्धा घोळ घालतात.

कडोलीचा_पाव्हणा
घोळाचं काय सांगालाय, आमच्या गावात अजून केएलई आणि केएलएस यातला फरक निम्म्या लोकांना माहीत न्हाई. केएलएस म्हणजे कर्नाटक लॉ सोसायटी, गोगटे इंजिनिअरिंग त्यांचं. आरपीडी आणि जीएसएस ही कॉलेजं आणखी तिसऱ्याच संस्थेची, साऊथ कोकण एज्युकेशन सोसायटी. आमचा एक पाव्हणा मुलीच्या फार्मसीची चौकशी करालोय म्हणून गोगटेत जाऊन बसला होता अर्धा दिवस, खरं सांगालोय 😀

टिळकवाडीकर
😀 असो. इतिहासाचं बाळूने विचारलं नाही पण सांगतोच, कारण आपल्या लोकांना वाटतं की ही संस्था दवाखान्यापासून सुरू झाली. उलटं आहे. १३ नोव्हेंबर १९१६ ला बेळगावात एक शाळा काढून सुरुवात झाली, सात जणांनी मिळून, बहुतेक तरुण शिक्षक, बसवनाळ, साखरे वगैरे. संस्थेत त्यांना अजून सप्तर्षी म्हणतात. केएलई मधला एल म्हणजे लिंगायत. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात, शिक्षणात पुढं कोण होतं हे सगळ्यांना माहीत आहे, तर मागं राहिलेल्या समाजाच्या मुलांना इंग्रजी शिक्षण मिळावं हा हेतू. मग १९३३ ला लिंगराज कॉलेज, शिरसंगीच्या लिंगराज देसाईंच्या नावाचं. मेडिकल कॉलेज यायला पहिल्या शाळेनंतर सत्तेचाळीस वर्षं लागली. १९६८ ला फार्मसी, १९८५ ला डेंटल.

अंकलीचे प्रभाकर कोरे १९८४ ला संस्थेचे कार्याध्यक्ष झाले आणि पुढची कित्येक वर्षं तेच होते, आज हायवेवरून दिसतो तो अवाढव्य पसारा बराचसा त्या काळातला. नेहरूनगरचं मोठं हॉस्पिटल १९९६ चं आहे हे नवीन पोरांना खरं वाटत नाही. त्याआधी जेएनएमसीची पोरं वॉर्ड शिकायला सिव्हिल हॉस्पिटलात जायची. बाळू, तुझ्या मामांना विचार, त्यांच्या सगळ्या आठवणी सिव्हिलच्या असतील. आता सिव्हिल बिम्सकडे आहे, ते सरकारी मेडिकल कॉलेज, त्याचा आणि केएलईचा संबंध नाही.

आणि आयुर्वेदवालं, बी. एम. कंकणवाडी, शहापुरातलं, ते तर मेडिकल कॉलेजच्या तीस वर्षं आधीचं, १९३३ चं. एक फुकटची माहिती, १९३३ ला शहापूर बेळगावात नव्हतंच, सांगली संस्थानात होतं. रेल्वे रूळ ओलांडला की संस्थान.

सिस्टर_आक्का
मी निवृत्त एएनएम, म्हणजे गावच्या आरोग्य उपकेंद्रावरची नर्स. बाळू, तुझ्या बहिणीने एमबीबीएस नाही मिळालं म्हणून तोंड पाडू नये एवढ्यासाठी लिहितेय, लांबेल जरा.

या कॉलेजचं नाव जगात ज्या कामामुळे झालं त्यात हात नर्सचे होते, तेही माझ्यासारख्या सबसेंटरवरच्या. बाळंतपणानंतर रक्तस्राव हा बायकांच्या मरणाचं मोठं कारण. त्यावर इंजेक्शन आहे ऑक्सिटोसिनचं पण ते थंड ठेवावं लागतं, टोचायला शिकलेलं माणूस लागतं, आणि आमच्या वेळी खेड्यात लाईट कधी असायची ते केईबीलाच (वीज मंडळालाच) माहीत, फ्रिज तर सोडाच. तर जेएनएमसी आणि अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या लोकांनी मिळून आपल्या बेळगाव जिल्ह्यातच अभ्यास केला, २००२ ते २००५. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, बाळ झाल्याबरोबर पाच मिनिटांच्या आत तोंडाने द्यायच्या, ६०० मायक्रोग्रॅम. १६२० बायका. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी, आणि कुणाला कुठली हे देणाऱ्या एएनएमला सुद्धा माहीत नसायचं. मी त्यात नव्हते पण माझी मैत्रीण होती शेजारच्या पीएचसीत, तिच्याकडून रोज ऐकायचे.

रक्त किती गेलं हे आधी आम्ही डोळ्याने ठरवायचो, "बरंच गेलं", "थोडं गेलं", लुगड्यात किती मुरलं ते कोण मोजणार. त्यांनी बाईच्या खाली अंथरायची प्लास्टिकची शीट तयार केली, तिला खाली निमुळती पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा, दुधाच्या मापट्यासारख्या. रेघ वाचायची, लिहायचं, संपलं. एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्याकडं घडली!

निकाल असा आला की औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत १०० मागं १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, खरी गोळी मिळालेल्यांत ६.४. म्हणजे अठरा बायकांना गोळी दिली की एक वाचते त्या संकटातून. थंडी वाजून ताप यायचा काहींना, पण उतरायचा. लॅन्सेटमध्ये छापून आलं २००६ ला, आणि पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. तशाच रेघांच्या पिशव्या आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मोठ्या अभ्यासात वापरल्या, तो २०२३ ला आला. त्या बातमीचं कात्रण माझ्या मैत्रिणीने कपाटाला चिकटवलंय, मुलं हसतात, हसू देत.

सांगायचं एवढंच की नर्सिंग, पब्लिक हेल्थ यांना कुणी दुय्यम म्हणत असेल तर त्याला माझ्याकडं पाठव.

खानापूरचा_बाळू
आक्का, हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली २००४ ला तुझ्या धाकट्या काकूला अशाच गोळ्या दिल्या होत्या बहुतेक, आता ते हेच की दुसरं काही कोण जाणे.

फिजिओ_वैभवी
मी इथली बीपीटी म्हणजे फिजिओथेरपी झालेली, सध्या कोल्हापुरात प्रॅक्टिस करते, म्हणून "महाराष्ट्रात चालत नाही" यावर बोलायचा हक्क आहे मला. चालते. डिग्रीवर कुठल्या युनिव्हर्सिटीचं नाव आहे यापेक्षा कोर्सला मान्यता आहे का आणि त्या त्या राज्याच्या कौन्सिलात नोंदणी झाली का हे बघतात. मला महाराष्ट्राच्या फिजिओवाल्यांच्या ओटीपीटी कौन्सिलात नोंदणी करावी लागली, कागद द्यायचे, फी भरायची, हेलपाटे घालायचे, हेलपाटे जरा जास्त झाले पण ते कुठूनही शिकलं तरी होतातच. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल, नर्सना नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. वडिलांना हे सांग.

आता कोर्स. एमबीबीएस साडेपाच वर्षं इंटर्नशिप धरून, आयुर्वेद आणि होमिओपॅथी पण तेवढेच, बीडीएस चार अधिक एक, बीफार्म चार, फार्म डी सहा, बीएस्सी नर्सिंग चार. फिजिओ आमच्या वेळी चार वर्षं अधिक सहा महिने होती, आता नवीन कायद्याने अभ्यासक्रम बदललाय, २०२१ चा अलाईड हेल्थचा कायदा, त्यामुळे या वर्षीचं माहितीपत्रक बघूनच ठरव, माझ्या वेळचं धरून चालू नको. गाणं शिकवणारं सुद्धा एक स्कूल आहे तिथं, हेल्थ सायन्सच्या युनिव्हर्सिटीत संगीत, मला आधी चेष्टा वाटली होती पण संध्याकाळी तिथून तानपुरा ऐकू यायचा तेव्हा ॲनाटॉमीचं दुःख जरा कमी व्हायचं.

भाषेची काळजी करू नका. उत्तर भारतातली पोरं पहिल्या महिन्यात "एल्लि नोवु?" (कन्नडमध्ये कुठं दुखतंय) एवढं पाठ करून वॉर्डात जातात आणि समोरची आजी कडोलीची निघते, ती म्हणते "पोट दुकालंय रे बाळा". मग ते पोरगं आमच्याकडं बघतं. कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी, चारही चालतात, आपली मुलं तिथं आपोआप दुभाषी होतात आणि त्याचा कुणी पगार देत नाही.

टिळकवाडीकर
ॲडमिशनचं एक राहिलं, यात लोक फसतात. डीम्ड असल्यामुळे एमबीबीएस आणि बीडीएसच्या सीटा दिल्लीच्या एमसीसीच्या (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) कौन्सेलिंगने भरतात, २०१७ पासून, आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या आयुषच्या वेगळ्या केंद्रीय कौन्सेलिंगने. म्हणजे नुसता केईएला (कर्नाटकच्या ॲडमिशन बघणाऱ्या संस्थेला) अर्ज करून वाट बघत बसायचं नाही. आणि डीम्डला गाववाला म्हणून सूट नसते, बाळू खानापूरचा काय आणि कुणी पाटण्याचा काय, रँक बघणार. फीचं बोलत नाही, वडिलांना बसवून, पाणी देऊन, मग वाचून दाखव.

त्याआधी महाराष्ट्राचा सीमाभाग कोटा बघितला का? महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांच्या यादीत गाव असेल आणि मातृभाषा मराठी असेल तर महाराष्ट्राच्या सरकारी कॉलेजांत थोड्या सीटा राखीव असतात. थोड्याच आहेत, पण अर्ज करायला काय जातंय. दाखले आत्ताच काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात ऑफिसात चप्पल झिजते.

खानापूरचा_बाळू
यादीत आहे आमचं गाव, हे डोक्यातच आलं नव्हतं! उद्याच दाखल्याच्या मागं लागतो. बहीण म्हणते कोटा नाही लागला तर फिजिओ किंवा नर्सिंग, आक्कांमुळे नर्सिंग वर सरकलंय. वडील आता एवढंच म्हणतात की स्वतः जाऊन बघतो. सोमवारी त्यांना घेऊन येतोय. सीबीटीवर (बेळगावच्या मुख्य बसस्टँडवर) उतरलो की पुढं कसं जायचं, रिक्षावाले लुटतात.

कडोलीचा_पाव्हणा
रिक्षा कशाला, काकतीकडं जाणारी सिटी बस धरा आणि कंडक्टरला "केएलई, दोन" म्हणा. बास. अकॅडमी ऑफ हायर एज्युकेशन अँड रिसर्च म्हणालासा तर तो तुमाला तिथंच उतरवंल बगा.