शब्द हवा आहे : 'रेबेका'ची निवेदिका

डाफ्नी डु मॉरिए यांच्या १९३८च्या 'रेबेका'वर टिपण लिहितेय. निवेदिकेला अख्ख्या कादंबरीत नाव नाही, पण समीक्षक तिला 'इन्सिक्युअर' म्हणतात. मी 'असुरक्षित' लिहिलं, तर वाटलं हिच्या दाराला कडी नाही की काय! 'न्यूनगंड' नको, दवाखान्याचा वास येतो.

प्रतिसाद : बुजरी. माँटे कार्लोत मिसेस व्हॅन हॉपरची पगारी सोबतीण असल्यापासून ती नखं कुरतडते, चारचौघांत अंग चोरते. साधा शब्द आहे, वाचक अडत नाही.

प्रतिसाद : बुजरी मुलगी पाहुणे गेले की मोकळी होते. हिला लग्नानंतर मॅन्डर्लीत, नवऱ्याच्या वाड्यात, एकटी असतानाही चैन नाही. मी 'कानकोंडी' म्हणेन. पहिल्याच सकाळी घरातला फोन वाजतो, 'मिसेस डी विंटर?' अशी विचारणा होते, म्हणजे हिचीच, तर ही नवऱ्याची पहिली बायको रेबेका समजून सांगते, त्यांना जाऊन वर्ष होऊन गेलं. पलीकडे कोण, तर घरची कारभारीण डॅन्व्हर्सबाई! पुढे चिनी मातीचा क्युपिड हिच्या हातून फुटतो. घरची मालकीण असून तुकडे लिफाफ्यात भरून खणात मागे सारते, आणि आळ येतो नोकर रॉबर्टवर. नवराही वैतागतो, मोलकरणीसारखी काय वागतेस म्हणून.

प्रतिसाद : पण कानकोंडं होणं प्रसंगापुरतं असतं ना? तो स्वभाव कसा? 'रेबेका'वरूनच केलेला '६४चा 'कोहरा' सिनेमा आठवा, वहीदा किती बावरलेली दिसते. 'बावरलेली' का नको?

प्रतिसाद : 'बावरलेली' भीतीकडे झुकतं, 'कोहरा'त शोभेल. आणि प्रसंगापुरतं आहे म्हणूनच 'कानकोंडी'. रेबेकावर आपलं कधी प्रेमच नव्हतं, असं नवरा, मॅक्सिम, कबूल करतो (बाकी काय कबूल करतो ते सांगत नाही, कुणाचं वाचायचं राहिलं असेल) आणि दुसऱ्या दिवशी ही थंड जेवणाचा बेत खोडून गरम काहीतरी करायला सांगते. डॅन्व्हर्सबाई जाब विचारायला येतात, तर त्यांना सुनावते, आता मिसेस डी विंटर मी आहे. बुजरेपणा असा एका रात्रीत जात नाही.

मूळ प्रश्नकर्ती : पटलं. माँटे कार्लोत 'बुजरी', मॅन्डर्लीत 'कानकोंडी'. 'असुरक्षित' एकाच जागी ठेवतेय : डॅन्व्हर्सबाई तिला उघड्या खिडकीशी नेऊन 'उडी मार' म्हणून कानाशी लागतात, तिथे.