मदत हवी आहे : पूर येण्याआधी घर कसं आवरून ठेवावं? (सांगली, गावभाग)

गावभागात तळमजला भाड्याने घेतलाय. घरात चौघं, त्यातली आजी अंथरुणावर, तिला इन्सुलिन चालू आहे. हॉलच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची खूण छातीएवढी उंच आहे, रंगाखालूनही दिसते. कितव्या फुटाला निघायचं? सिलिंडर, इन्व्हर्टर, फ्रिज यांचं काय करायचं? वर गच्ची आहे, पण जिना अरुंद.

कृष्णाकाठ
कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पण हे आकडे पुलाचे, तुमच्या उंबऱ्याचे नाहीत. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, पुलाला किती फूट असताना पाणी आपल्या पायरीला लागलं. तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा. त्याच्या पाच फूट आधी घर सोडायचं. आजींना त्याहूनही एक दिवस आधी, उजेडात हलवा. होडीत अंथरुणावरचं माणूस चढवणं फार जिकिरीचं असतं.

इथला पाऊस उघडला म्हणून थांबू नका. पाणी कोयनेच्या विसर्गाचं आणि घाटमाथ्यावरचं येतं. हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. त्या फुगल्या की कृष्णेला पुढे सरकायला वाव राहत नाही, म्हणून पाणी उतरायला दिवस लागतात. बॅग दोन दिवसांची नको, आठवड्याची भरा.

तारजोड
मेन स्विच पाडला की लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच चूक होते. इन्व्हर्टर चालू राहिला तर घरातल्या वायरिंगला वीज मिळतच राहते. आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पॉझिटिव्ह नंतर. बॅटरी पन्नास किलोच्या आसपास भरते, त्यामुळे दोघांनी उचला आणि उभीच न्या. आडवी झाली की अ‍ॅसिड सांडतं. जिना अरुंद असेल तर हे काम पावसाळा लागण्याआधीच एकदा करून बघा.

फ्रिज रिकामा करून वर न्या. जमत नसेल तर प्लग काढा आणि खिडकीच्या गजाला बांधा. पाण्यात तो तरंगतो, आडवा होतो आणि दार अडवतो, मग परत आल्यावर दार उघडत नाही. पाणी ओसरल्यावर वायरमनने बोर्ड उघडून वाळवून तपासल्याशिवाय मेन चढवायचा नाही.

ओटा_आणि_चूल
सिलिंडर भरलेलासुद्धा तरंगतो! 14.2 किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून तीसेक किलो होतं, पण तो 35 लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतो. रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि गच्चीवर नेऊन बांधा. पाण्याची प्लास्टिकची टाकी खाली असेल तर काठोकाठ भरून ठेवा. रिकामी राहिली की तीही उचलते आणि पाइप तोडते.

नळकाम_वाले
पाणी आधी दारातून नाही, कमोडमधून येतं. नदी चढली की गटारं उलटी वाहतात. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घाला, आत दहा-बारा किलो वाळू, तोंड घट्ट बांधा आणि कमोडमध्ये दाबून बसवा. नहाणीच्या जाळीत चिंध्यांचा बोळा आणि त्यावर तसंच पोतं. पूर थांबत नाही, पण पहिला मैला घरात येत नाही. दारात मात्र वाळूची भिंत फार उंच रचू नका, बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब भिंतीवर येतो.

तलाठी_कार्यालयाबाहेर
निघण्याआधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मीटरचा नंबरही त्यात दिसू द्या. पंचनाम्याला उपयोगी पडतात. आधार, रेशन कार्ड, पासबुक, भाडेकरार हे सगळं झिपच्या पिशवीत. सातबारा सोबत नसला तरी चालतो, ऑनलाइन परत निघतो. मदतीसाठी 112.

धागाकर्ता
इन्सुलिनला फ्रिज लागतो ना? तिथे लाइट नसेल तर?

औषधवाले
चालू असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे सावलीत, घरातल्या तापमानाला टिकतं. नेमकी मुदत डबीवर पाहा. न उघडलेली थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट टेकवू नका. कापडात गुंडाळा. एकदा गोठलं की वितळल्यावर वापरता येत नाही. सुया, ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी त्याच पिशवीत ठेवा.