मदत हवी आहे: कापडी कोलाज फोटोसारखं करू की गोधडीसारखं?

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेतला आमचा वाडा गेल्या दिवाळीनंतर पाडला. ऑगस्टमध्ये आईला 75 पूर्ण होतील, तेव्हा तिला कापडाच्या तुकड्यांतून वाड्याचं चित्र करून द्यायचंय. आकार साधारण 24 बाय 30 इंच. कापड घरचंच: आजीची दोन इरकली लुगडी (एकाचा टोपी-तेनीचा लाल पदर अजून शाबूत), खणाच्या चोळ्या, बाबांचे धुऊन मऊ झालेले पिवळे-पांढरे सुती शर्ट आणि कोणालाच नको असलेला एक जांभळा पडदा. विकत फार तर रविवार पेठेतून दोरा आणेन.

अडलंय ते शैलीपाशी. आधी फोटोबरहुकूम करायला गेले. एकेका खांबाच्या उजेड-सावलीला तपकिरीच्या चार-पाच छटा लागतात, माझ्याकडे दोनच. खणाला तर इतकी दशी सुटते की अर्ध्या इंचाचा खांब चिकटवेपर्यंत पाव इंच उरतो. वर फेव्हिकॉल इरकलीतून पाझरून डाग पडला. (त्या दिवशी जेवण बाहेरून मागवलं.) जे झालं ते वाडा पाडल्यानंतरचं चित्र वाटत होतं.

दुसरा विचार फ्रेंच चित्रकार मातिससारखा. 1941च्या शस्त्रक्रियेनंतर त्याने पुढे रंगवलेल्या कागदांतून थेट कात्रीने आकार कापले, तसे मोठे सपाट आकार. मला आवडतं, पण आई म्हणेल, "हे कुठलं गं?" तिसरं म्हणजे गोधडीसारखा सगळीकडून धावदोरा.

तिला बघताक्षणी ओळखू यावं, एवढीच अट. कृपया वारली सुचवू नका, पेठेतल्या वाड्यावर मला ती उपरी वाटते.

सुईदोरा: फोटोचा नाद सोडा. कापडं शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा एकसारखेच राखाडी दिसले तर शेजारी लावू नका. गडद, मध्यम, फिकट असे तीन ढीग पुरतात. दशीसाठी शिंप्याकडचं पेस्टिंग मागून इस्त्रीने चिकटवा, मगच कापा. मागच्या बाजूने आकार काढत असाल तर उलटा काढा, नाहीतर उजवीकडचा जिना डावीकडे जाईल. माझा गेलाय.

गोधडीवाली: माझं मत गोधडीला. कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, ती कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. तुमच्या वाड्यालाही मध्ये चौक असणारच. पण आधी आईंना काय आठवतं ते विचारा की!

धागाकर्ती: सहज विषय काढल्यासारखं विचारलं. खांब नाहीत, सज्जा नाही. म्हणाली, "हौदाशेजारचा धुण्याचा दगड, आणि सकाळी चौकात उतरायचं ते चौकोनी ऊन." म्हणजे वरून पाहिलेला चौक, सपाटच आणि कवंदीसारखा कडेकडून आत शिवलेला. कौलांना तो लाल पदर, उन्हाला बाबांचा पिवळा शर्ट. फक्त जांभळ्या पडद्याचं काय करू?

सुईदोरा: उन्हाभोवतीची सावली. काळा-पांढरा फोटो काढून बघा, गडदच निघेल.